सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही: पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. २०१५ची एक लिटर, तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. नंतर बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेलं. गाडी रात्रभर पावसात उघड्यावर उभी होती. सकाळपासून सेल्फ दणक्यात फिरतो, पण इंजिन एकदाही पकडत नाही. बॅटरी नवी टाकून झाली, तिन्ही प्लग बदलून झाले, आणि आता मेकॅनिक म्हणतो पेट्रोल पंप बदलू. बदलावा का?

अजून नको. पंप खराब असूही शकतो, पण आतापर्यंत जे बदललं ते अंदाजाने बदललं आणि पंप हा त्याच रांगेतला तिसरा आणि सगळ्यात महाग अंदाज आहे. सेल्फ जोरात फिरत होता तर बॅटरीवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. आणि तीन प्लग एकाच रात्री एकदम मरत नाहीत. तिन्ही सिलिंडर एका वेळी बंद पडले असतील तर दोष तिघांच्या सामाईक गोष्टीत शोधायचा असतो, एकेकाच्या सुट्या पार्टात नाही. तपासणीतला निम्मा वेळ एवढ्या एका विचारानेच वाचतो.

पेट्रोल इंजिनाला कॉम्प्रेशन, स्पार्क आणि पेट्रोल हवं, तेही योग्य वेळी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण इंजेक्शनच्या गाडीत स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही ईसीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, परवानगीने मिळतात, आणि ईसीएम ती परवानगी तीन अटींवर देतो: त्याला स्वतःला नीट सप्लाय मिळाला पाहिजे, किल्ली ओळखीची निघाली पाहिजे आणि क्रँकशाफ्ट (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) फिरतोय हे त्याला सेन्सरकडून कळलं पाहिजे. यातली एक अट हुकली की नवा पंप, नवे प्लग, नव्या कॉइल सगळं बसवूनही सेल्फ नुसता फिरत राहतो. म्हणून सुरुवात या तीन अटींपासून करायची. त्याला पाना लागत नाही.

पण त्याआधी एक सावधगिरी. गाडी नुसत्या पावसात उभी नव्हती, साचलेल्या पाण्यात उभी होती किंवा आदल्या दिवशी पाण्यातून काढली होती अशी शंका असेल, तर आणखी सेल्फ मारू नका. आधी एअर फिल्टर उघडून बघा. तो ओला असेल तर प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकू शकतो, आणि मग प्रश्न चालू न होण्याचा राहत नाही, इंजिन उघडण्याचा होतो. दुसरं, सेल्फ एका वेळी आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्यायचं.

आता कान लावा. निरोगी इंजिन सेल्फवर फिरताना एक ठेका असतो, प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनला आला की गती किंचित अडते. तो ठेका जाऊन मोटार मोकळी फिरल्यासारखा सलग, वेगवान आवाज येत असेल तर कॉम्प्रेशन नाही. टायमिंग बेल्टच्या (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याच्या) गाडीत हा आवाज म्हणजे बेल्ट तुटला किंवा दात गेले असं धरून चालायचं आणि तिथेच थांबायचं, कारण बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. खात्री करायची असेल तर ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारा आणि दुसऱ्याला क्षणभरच सेल्फ मारायला सांगा. बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दिसतो, तो फिरला पाहिजे. तुमच्या गाडीच्या पिढीतल्या एक लिटर इंजिनांत बहुधा टायमिंग चेन असते. चेन सहसा अचानक तुटत नाही, आधी खडखडाट करून सांगते. ठेका आहे पण संथ आहे, असं असेल तर बॅटरी नवी असली तरी मीटर लावा. उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या वर आणि सेल्फ मारताना साधारण १० व्होल्ट राहायला हवेत. ९.६च्या खाली गेले तर सेल्फ फिरत राहील, पण ईसीएम आणि कॉइल यांच्या वाट्याला पुरेसं काही उरणार नाही.

इग्निशन ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि डॅशबोर्डकडे बघा. चेक इंजिनचा लॅम्प पेटलाच पाहिजे. लोकांना तो पेटला की धसका बसतो, पण इंजिन बंद असताना तो पेटणं हे ईसीएम जिवंत असल्याचं लक्षण आहे. तो पेटतच नसेल तर ईसीएमला सप्लाय किंवा अर्थ मिळत नाही: मेन रिले, ईसीएमचा फ्यूज, किंवा बॅटरीच्या पॉझिटिव्ह क्लॅम्पवरची फ्यूज लिंक. तुमच्याकडे बॅटरी नुकतीच बदलली आहे, तेव्हा ही लिंक आणि क्लॅम्पला जोडलेल्या बारीक वायरी मुद्दाम बघा. क्लॅम्प पिरगाळून काढताना लिंकच्या पट्टीला तडा जातो, वरून दिसत नाही. तसंच निगेटिव्हची इंजिनकडे आणि बॉडीकडे जाणारी पट्टी. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर पट्टीची टोकं घासून साफ करा.

त्याच वेळी किल्लीच्या किंवा कुलपाच्या चिन्हाचा लॅम्प बघा. तो पेटून विझला तर किल्ली ओळखली गेली. लुकलुकत राहिला तर इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) इंजिन अडवलं आहे. पुष्कळ गाड्यांत अशा वेळी सेल्फ बिनतक्रार फिरतो, फक्त इंजेक्टर आणि स्पार्क बंद असतात. काहींत इंजिन चालू होऊन सेकंदा-दोन सेकंदांत बंद पडतं. किल्लीच्या जुडग्यातून दुसऱ्या गाड्यांच्या चिपवाल्या किल्ल्या काढून बघा, मग दुसरी किल्ली लावून बघा. किल्ली फिरवून चालू होणाऱ्या गाडीत रिमोटचा सेल संपल्याने इमोबिलायझर अडत नाही, त्याची चिप सेलशिवाय चालते. तेव्हा सेल बदलून काही होणार नाही.

बाहेरून बसवलेली सिक्युरिटी सिस्टिम किंवा जीपीएस ट्रॅकर असेल तर संशयाची सुई लगेच तिकडे वळवावी. यातल्या अनेकांत एक रिले असतो, तो पंपाची किंवा इग्निशनची वायर मध्येच तोडून बसवलेला असतो, जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने सीटखाली चोरस्विच बसवलेला असू शकतो, आणि त्याचा पत्ता नव्या मालकाला नसतो. जुन्या फोर्ड आणि फिएट गाड्यांत धक्का बसला की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. त्याचं बटण दाबून परत बसवलं की काम होतं.

आता पंप. इग्निशन ऑन केल्यावर साधारण दोन सेकंद मागून बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने टाकीचं झाकण उघडून कान लावायचा. सेल्फ मारताना हा आवाज शोधू नका, सेल्फच्या गोंगाटात तो ऐकू येत नाही. गुणगुण नसेल तर पहिला हात फ्यूजवर, दुसरा रिलेवर. बोनेटखालच्या पेटीत हॉर्नचा किंवा पंख्याचा त्याच नंबरचा रिले असेल तर अदलाबदल करा. रिलेची टिकटिक ऐकू आली म्हणून तो चांगला, असं समजू नका. टिकटिक रिलेच्या आतल्या कॉइलची असते, आतले पॉइंट जळालेले असू शकतात.

पंपाच्या कपलरवर (वायर जोडायच्या सॉकेटवर) सप्लाय मोजताना एक फसगत नेहमी होते. नुसता मल्टिमीटर लावला की गंजलेल्या, एका धाग्यावर लटकलेल्या वायरीतूनही १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट ओढतच नाही. त्यामुळे कपलर काढून तिथे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा आणि मग किल्ली फिरवा. बल्ब लख्ख पेटला आणि व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिलं, तर वायरिंग निर्दोष आणि संशय पंपावर. बल्ब मंद असेल तर नवा पंपही तसाच रडेल. पंप अडकला आहे का याची गावठी पण उपयोगी चाचणी म्हणजे टाकीच्या तळाला रबरी हातोडीने किंवा मुठीने ठोकत सेल्फ मारणं. चालू झाली तर पंपाचे ब्रश झिजले आहेत. त्या दिवसापुरती गाडी घरी जाईल, दुसऱ्या दिवशीचा भरवसा नाही.

पंप वाजतो म्हणजे प्रेशर आहे असंही नाही. रिटर्न पाइप नसलेल्या आजच्या पेट्रोल गाड्यांत ते साधारण ३ ते ४ बार असतं, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघावा. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांच्या फ्यूएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) गेज लावायचं तोंडच नसतं, पाइप काढून मध्ये टी जोडावा लागतो. आधी प्रेशर उतरवायचं: पंपाचा रिले काढून पाच-सहा सेकंद सेल्फ. जोडाभोवती जाड फडकं, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, शेजारी आग विझवायचं साधन. रस्त्यावर गेज नसेल तर किल्ली ऑन करून तीन सेकंद थांबायचं, ऑफ करायचं, असं चार वेळा करून मग सेल्फ मारायचा. एवढ्याने चालू झाली तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर रात्रीतून प्रेशर सोडून देतोय; किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. ही तक्रार रोज सकाळची असते, एकाएकी पूर्ण बंद पडण्याची नसते.

स्पार्ककडे वळण्याआधी सेल्फ मारताना ईसीएमला किती आरपीएम दिसतात हे बघा, कारण स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही याच आकड्यावर टांगलेले आहेत. तुमच्या गाडीत स्टीअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट (स्कॅनर लावायची जागा) असेल. हजाराच्या आतबाहेर मिळणारा ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं ॲप एवढ्यावर भागतं. सेल्फवर १५० ते ३०० आरपीएम दिसले पाहिजेत. सेल्फ फिरतोय आणि आकडा शून्यावरच आहे, तर क्रँक सेन्सर, त्याचा कपलर किंवा त्याची वायर. अशा वेळी किल्ली ऑन केल्यावर पंप दोन सेकंद वाजतो, पण सेल्फ मारताना पुन्हा सुरूच होत नाही, स्पार्कही नसतो आणि इंजेक्टरही गप्प असतात. स्कॅनर नसेल तर काही गाड्यांत आरपीएमच्या काट्यावरूनही अंदाज येतो, पण काटा न हलणं हा पुरावा नव्हे. पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू होईपर्यंत तो हलतच नाही.

क्रँक सेन्सर पुलीजवळ किंवा गिअरबॉक्सजवळ खाली असतो, म्हणजे चिखल, तेल आणि उंदीर या तिघांच्याही वाटेवर. तीन वायरींचा असेल तर एक सप्लाय (५ किंवा १२ व्होल्ट), एक अर्थ, एक सिग्नल. दोन वायरींचा असेल तर तो चुंबकीय, त्याचा रेझिस्टन्स काही शे ते हजारभर ओहम भरतो आणि सेल्फ मारताना मीटर एसी व्होल्टवर ठेवल्यास निदान काही दशांश व्होल्ट दिसतात. सेन्सर काढून टोकावर लोखंडाचा कीस चिकटलाय का बघा. गाडी गरम झाल्यावर बंद पडायची आणि वीस मिनिटांनी चालू व्हायची अशी जुनी तक्रार असेल तर सेन्सर उष्णतेने मरत होता. थंड असताना मोजून तो चांगलाच दिसेल. स्कॅनरवर पी०३३५ आला तर तो या सर्किटचा. मात्र कोड न येणं म्हणजे निर्दोष नव्हे, कारण सिग्नलच नसेल तर काही ईसीएम इंजिन उभंच आहे असं समजून गप्प बसतात. कॅम सेन्सरचा पी०३४० आला तर घाई नको, अनेक इंजिनं कॅम सेन्सरशिवायही थोडा जास्त सेल्फ खाऊन चालू होतात. पी०१६ म्हणून कुणी सांगितलेला कोड बहुधा पी००१६ असतो, क्रँक आणि कॅमचा मेळ जमत नाही असा, आणि तो टायमिंगकडे बोट दाखवतो.

स्कॅनर लावलाच आहे तर इंजिन बंद ठेवून, किल्ली ऑन करून आणखी दोन आकडे वाचा. एक, मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६च्या जवळ. मुंबईत ६० दिसत असेल तर तो सेन्सर खोटं बोलतोय आणि ईसीएम त्यावर विसंबून पेट्रोल कमी सोडतोय. दुसरा, कूलंटचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत ते बाहेरच्या हवेएवढंच हवं, दोन-तीन अंश इकडेतिकडे. उणे ४० दिसलं तर सेन्सरची वायर तुटली आहे. सायबेरियात असल्यासारखं पेट्रोल ओतलं जाईल आणि प्लग भिजतील. अनेक गाड्यांत हा सेन्सर २० अंशांना साधारण अडीच किलोओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास ओहम दाखवतो. आणि मॅप, थ्रॉटल, एसी प्रेशर असे सगळेच आकडे एकदम वेडेवाकडे दिसत असतील तर ५ व्होल्टची सामाईक लाइन कुठेतरी शॉर्ट आहे. एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो दोषी. ही चाचणी फार कमी जण करतात, आणि ईसीएम खराब म्हणून पंधरा-वीस हजारांचं बिल मात्र सहज होतं.

आरपीएम दिसतात, पंप वाजतो, तरी इंजिन पकडत नाही. आता प्लग काढा. काढण्याआधी प्लगच्या विहिरीत हवा मारा. पावसात बोनेटच्या कडेने ठिबकलेलं पाणी तिथेच साचतं, आणि प्लग सैल केला की ते थेट सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी असेल तर कॉइलच्या रबरी नळीवर पांढरी किंवा काळी रेघ दिसते, स्पार्क हा प्लगच्या टोकाला जाण्याऐवजी बाहेरूनच इंजिनला उतरल्याची ती खूण. तुमच्याकडे प्लग नुकतेच बदलले आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट: कॉइलचे कपलर कट्ट आवाज होईपर्यंत बसलेत का आणि हवेच्या पाइपाचे क्लॅम्प परत आवळलेत का. ज्या जागी शेवटचा हात लागला ती जागा आधी बघायची, त्यात कुणाचा अपमान नाही.

स्पार्क बघायची पद्धत बहुतेक ठिकाणी चुकते. प्लग हातात धरून, इंजिनला टेकवून सेल्फ मारायचा नाही. २० हजार व्होल्टच्या वरचा मामला आहे आणि शेजारी पेट्रोलची वाफ आहे. इंजेक्टरचे कपलर काढा, अंतर कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर लावा, अंतर आठ-दहा मिलिमीटर ठेवा. उघड्या हवेत प्लगच्या एक मिलिमीटरच्या गॅपमध्ये ठिणगी उडवायला फार जोर लागत नाही. तीच ठिणगी कॉम्प्रेशनमध्ये उडायला कित्येक पट व्होल्टेज लागतं. म्हणून 'करंट तर येतोय' हे वाक्य प्लग बाहेर धरून म्हटलेलं असेल तर त्याला अर्धेच गुण द्यावेत. तिन्ही कॉइलना स्पार्क नाही आणि आरपीएम दिसतात, तर कॉइलचा सप्लाय तपासा, तोही सेल्फ मारत असताना. इग्निशन स्विचचे पॉइंट झिजले की किल्ली ऑनवर असताना सप्लाय येतो आणि स्टार्टवर नेली की जातो. अशा गाडीची खूण ठरलेली: सेल्फ चालू असताना काहीच नाही, किल्ली सोडता सोडता इंजिन एकदा भडकून जातं.

आता काढलेले प्लग काय सांगतात ते बघा. सात-आठ सेकंद सेल्फ मारून लगेच काढलेला प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल आत जात नाही. ओला आणि वास मारणारा असेल तर पेट्रोल जातंय, एकतर स्पार्क नाही किंवा इंजिन फ्लड झालं, म्हणजे पेट्रोल जास्त झालं. सकाळपासून शंभर वेळा सेल्फ खाल्लेल्या गाडीचे प्लग मूळ दोष काहीही असला तरी ओलेच निघण्याची शक्यता आहे, तेव्हा पुसून, वाळवून पुन्हा एकदा बघा. फ्लड उतरवायचा तर ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून ठेवून आठ सेकंद सेल्फ मारायचा. बहुतेक ईसीएम अशा वेळी इंजेक्टर बंद ठेवतात आणि नुसती हवा जाऊन सिलिंडर मोकळा होतो. पाय हलवत रेस देत बसू नका, त्याने कार्बोरेटरच्या मारुती ८००ला मदत व्हायची, या गाडीला होत नाही.

प्लग कोरडे असतील तर दोन मिनिटांची चाचणी आहे. एअर फिल्टरच्या पाइपात कार्बोरेटर क्लीनरचा दोन सेकंद फवारा, पाइप परत बसवा, आणि मग सेल्फ. इंजिन दोन सेकंद चालून मेलं तर स्पार्क, कॉम्प्रेशन, टायमिंग सगळं ठीक, फक्त पेट्रोल पोचत नाही. पाइप उघडा ठेवून फवारत सेल्फ मारायचा नाही. उलटी ज्वाला तोंडावर येते. बाटलीने पेट्रोल ओतणं तर मुळीच नको.

पेट्रोल पोचत नाही हे नक्की झाल्यावर तुमच्या गाडीत खरी गंमत सुरू होते, कारण मध्ये सीएनजी किट बसलंय. अशा किटमध्ये पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी तोडून सीएनजीच्या ईसीयूतून फिरवलेल्या असतात, म्हणजे गॅसवर चालताना पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवता येतात. त्या ईसीयूच्या कपलरमध्ये पाणी गेलं किंवा एखादा पिळलेला जोड हिरवा पडला, की पंप, प्रेशर, स्पार्क सगळं असूनही इंजेक्टर उघडत नाहीत. नॉइड लाइट (इंजेक्टरचा सिग्नल दाखवणारा छोटा दिवा) लावायचा तो इंजेक्टरच्या अगदी तोंडावर, किटच्या जंक्शनच्या अलीकडे नव्हे. सेल्फ मारताना तो लुकलुकला पाहिजे. लुकलुकत नसेल आणि आरपीएम दिसत असतील, तर किटची जोडणी काढून वायरी मूळ रीतीने जोडून बघायच्या. टेस्ट लॅम्पची सुई ईसीएमच्या वायरींत खुपसू नका, बल्बचा करंट आतला ट्रान्झिस्टर मारू शकतो. इंजेक्टरचा रेझिस्टन्स बहुतेक गाड्यांत १२ ते १६ ओहमच्या दरम्यान असतो.

मेकॅनिकचा पंपावरचा संशय निराधार नाही, तोही सीएनजीमुळेच. पुण्या-मुंबईत सीएनजीच्या गाड्यांत पेट्रोलचा काटा कायम रिझर्व्हवर असतो. टाकीतला पंप त्याच पेट्रोलने थंड राहतो. ते नसलं की गरम होतो, हवा ओढतो आणि ब्रश लवकर झिजतात. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा हलका, पेट घेणारा भाग उडून जातो, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरून ठेवतं. पावसात टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं असेल तर पाणीही उतरतं. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं, आणि पंप नेमका तळातून ओढतो. रेलमधून अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून पुसावी लागेल. हे पेट्रोल काढतानाच पंपाची दुसरी परीक्षा होते: रिलेच्या जागी जम्पर (वायरचा तुकडा) देऊन पंप ३० सेकंद चालवला तर साधारण अर्धा लिटर यायला हवं. धार बारीक असेल तर पंप किंवा त्याची जाळी.

एक उलटा दोषही असतो. किटचे गॅस इंजेक्टर किंवा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) रात्रीतून गॅस सोडत राहिले तर मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) तो साठतो आणि सकाळी मिश्रण इतकं गच्च होतं की पेट्रोलवर इंजिन पकडत नाही. बोनेट उघडल्यावर वास येतो का बघा. रात्री गॅसच्या सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करून सकाळी चालू होत असेल तर कारण सापडलं. आणि पेट्रोलची बाजूच मेली आहे का हे ठरवायला, अनेक किटमध्ये चेंजओव्हर स्विच दाबून धरत किल्ली ऑन केली की इंजिन थेट गॅसवर चालू करता येतं. स्विच किती वेळ दाबायचा ते किटनुसार बदलतं. गॅसवर चालू झाली तर स्पार्क, क्रँक सेन्सर, इमोबिलायझर आणि कॉम्प्रेशन एका झटक्यात संशयातून सुटले. तुमच्या गाडीसाठी मी सांगेन की इंजिनात पाणी गेल्याची शंका नसेल तर वरच्या सगळ्या उठाठेवीच्या आधी, सकाळी सगळ्यात पहिली, हीच चाचणी करा.

उंदरांचं वेगळं सांगायला हवं. पावसाळ्यात ते गरम इंजिनवर येऊन बसतात आणि इंजेक्टर, कॉइल, क्रँक सेन्सर यांच्या बारीक वायरी कुरतडतात. इंजिनाच्या मागच्या बाजूने, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे), टॉर्च मारून बघा. लेंड्या दिसल्या की हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने चाचपत जा. वायर जोडायची तर सोल्डर करून उष्णतेने आकसणारी नळी चढवावी, नुसत्या टेपचा जोड पुढच्या पावसात पुन्हा तुमच्याकडेच येतो.

स्पार्क जोरदार, प्लग ओले, पेट्रोल ताजं, तरीही नाही? मग कॉम्प्रेशन गेज. सगळे प्लग काढून, इंजेक्टर आणि कॉइलचे कपलर काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार, आणि सिलिंडरांत एक बारपेक्षा जास्त फरक नको. तिन्ही एकदम कमी असतील तर टायमिंग सरकलं किंवा फ्लडिंगने सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन गेलं. चमचाभर इंजिन ऑइल प्रत्येक सिलिंडरमध्ये टाकून पुन्हा मोजा, आकडा उसळला तर दुसरं. सायलेन्सर तुंबण्याची शक्यता कमी, पण पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून सेल्फ मारला की तीही निकालात निघते.

डिझेल गाडीला यातलं बरंच लागू नाही. कॉमन रेलमध्ये सेल्फवर रेलचं प्रेशर बहुतेक वेळा दोनशे बारच्या आसपास चढलं नाही तर ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही, त्यामुळे तिथे शोध फिल्टर, लाइनमधली हवा आणि इंजेक्टरची परतीची गळती यांचा. तिथे इनटेकमध्ये स्प्रे मारू नका आणि सेल्फ मारताना जाड लोखंडी पाइपाचा नट सैल करू नका. ती धार कातडीतून आत जाते.

इंजिन चालू झालं की लगेच हायवेवर नेऊ नका. इतका सेल्फ खाल्लेल्या गाडीत न जळलेलं पेट्रोल ऑइल संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरलेलं असतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पातळी कमाल खुणेच्या वर गेली असेल किंवा पेट्रोलचा वास स्पष्ट असेल तर ऑइल आणि फिल्टर आधी बदला. मग टाकीत निदान पाव टाकी ताजं पेट्रोल भरा, आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवरच चालवा, आणि त्यानंतर स्विच गॅसवर करा.